इतिवृत्त ते अंदाजपत्रक : सांगलीच्या गावठाणातला एक चौक

चौकाच्या कामात लोकसहभाग झाला की नाही, हे ठरवायला बैठकीचे फोटो उपयोगाचे नाहीत. कामाचं अंदाजपत्रक, म्हणजे काय-काय करायचं आणि त्याला किती खर्च येईल याची बाबवार यादी, मागवून घ्यावी आणि त्यातल्या बाबी एकेक करून वाचाव्यात. लोक जे बोलले त्यातलं काही तिथे घनमीटर, रनिंग मीटर किंवा नग अशा मापात उतरलेलं दिसलं, तर सहभाग झाला. नाहीतर चहा-बिस्किटं झाली. हे प्रकरण त्या एकाच अंगाने लिहिलं आहे.

चौक सांगलीच्या जुन्या गावठाणातला, गणपती पेठ आणि कृष्णेचा काठ यांच्या मधल्या पट्ट्यातला. त्याचं नाव देत नाही, कारण हा एकच असा चौक नाही. या भागातल्या दोन-तीन चौकांवरून अभ्यासासाठी एक बांधला आहे, त्यातली माणसंही तशीच बांधलेली. पूर, कायदे आणि सरकारी कामाची पद्धत मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे. २०१८ साली निवडून आलेल्या महापालिका सभागृहाची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रकरण त्या काळातलं धरलं आहे. म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवक त्या वेळी नव्हता.

चौक आहे कसा

नकाशात पाच रस्ते येऊन मिळतात. प्रत्यक्षात तीन रस्ते आणि दोन बोळ. मध्ये पिंपळ, त्याला दगडी पार, पाराला लागून छोटंसं मारुतीचं देऊळ. पूर्वेच्या बाजूला किराणा-भुसाराची आणि कापडाची दुकानं, वर त्याच मालकांची घरं. पश्चिमेला रिक्षा थांबा. सकाळी उजाडता उजाडता हरिपूर, सांगलवाडी, अंकली, कसबे डिग्रज या बाजूंनी भाजीवाल्या येतात. कृष्णाकाठची वांगी, मेथी, पोकळा, शेवगा. दुपारच्या आत पाटी रिकामी करून वडाप (प्रवासी जीप) धरायचं, घरी जाऊन पुन्हा रान बघायचं. त्या उठल्या की हातगाडे, आणि दिवेलागणीला भेळ-भडंगवाले. गणपतीत चौक मंडळाचा. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची विसर्जन मिरवणूक निघते तेव्हा या भागात पाय ठेवायला जागा नसते.

आणि पूर. सांगलीत पाऊस मिलिमीटरमध्ये कुणी विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. १९२९ साली खुल्या झालेल्या कृष्णेवरच्या त्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २००५ च्या पुराचा विक्रम २०१९ च्या ऑगस्टने मोडला, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. या चौकातल्या भिंतींवर त्या खुणा रंगाने मारून ठेवलेल्या आहेत. किराणा दुकानात २०१९ ची रेघ सगळ्यात वरच्या फळीच्याही वर आहे, आणि गिऱ्हाइकाला ती दाखवल्याशिवाय मालक साखर तोलत नाही.

या जागेसाठी 'चौक सुशोभीकरण' या नावाने निधी आला. निधी नेहमी कुठल्या तरी नावाने येतो आणि त्या नावातच निम्मं डिझाइन ठरून जातं. सुशोभीकरण म्हटलं की मध्ये कारंजं, भोवती कठडा, ग्रॅनाइटची बाकं, फुलझाडांच्या कुंड्या, हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचा दिवा, आणि फोटो काढायला मोठी उभी अक्षरं. पहिल्या आराखड्यात हे सगळं होतं. अक्षरांची जागा नेमकी भाजीवाल्यांच्या जागेवर होती.

कायदा कुठे बोलावतो, कुठे नाही

इथे थोडं कोरडं बोलावं लागेल. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. पिंपळ तोडायचा असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली नोटीस काढावी लागते. पण आहे त्या चौकात कारंजं बसवायचं, फरशी बदलायची, लेव्हल वर-खाली करायची, तर ते निव्वळ 'काम' असतं. त्याला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा पुरते. लोकांना विचारा असं कोणताही कायदा सांगत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या, त्या सांगलीला लागू होतात, साताऱ्यासारख्या नगरपरिषदेला नाही. पण नगरसेवकच नसतील तर प्रभाग समिती म्हणजे दाखले मिळण्याचं ऑफिस.

एकच कायदा या चौकातल्या माणसांच्या बाजूने थेट बोलतो : २०१४ चा पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही की हलवता येत नाही. वर्षानुवर्षं जिथे विकणारे आणि घेणारे आपणहून जमत आले ती जागा 'नैसर्गिक बाजार' म्हणून विचारात घ्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. कनिष्ठ अभियंत्याला हे माहीत होतं, भाजीवाल्यांना नव्हतं, आणि दुकानदारांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

अभियंत्याने जे केलं ते शहाणपणाचं होतं. निविदा निघाल्यावर विक्रेत्यांच्या जागेवरून वाद उठला असता तर काम अडकलं असतं, आणि ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडला नसता. म्हणून त्याने आधीच एका वास्तुरचना महाविद्यालयातल्या मुलांना आणि गल्लीतल्या दोन निवृत्त शिक्षकांना हाताशी धरलं. लोकसहभागाची सुरुवात अशी व्यवहारातून झाली तर मला ती जास्त भरवशाची वाटते. तत्त्व म्हणून सुरू केलेला सहभाग पहिल्या भांडणात गुंडाळला जातो.

पहिली बैठक

सभागृहात, सकाळी अकराला. दुकानदार, मंडळाचे कार्यकर्ते, देवस्थानचे पंच, रिक्षावाल्यांचे दोन प्रतिनिधी आले. भाजीवाली एकही नाही. अकरा म्हणजे त्यांच्या विक्रीची ऐन वेळ, आणि पाटी टाकून सभागृहात कोण जाणार? पडद्यावर थ्रीडी चित्र लावलं होतं. संध्याकाळची वेळ, कारंज्यात निळे दिवे, गोऱ्यापान बायका मुलांचे हात धरून चाललेल्या. चित्रात एकही स्कूटर नाही, एकही गाय नाही, पाटी तर नाहीच. सगळ्यांनी 'झकास' म्हटलं. एका पंचांनी कारंज्याऐवजी पुतळा सुचवला, दुसऱ्यांनी कुणाचा ते विचारलं आणि पुढचा सगळा वेळ त्यात गेला. (सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राज्यांना बजावलं आहे, हे शेवटी अभियंत्यालाच सांगावं लागलं.)

इतिवृत्तात लिहिलं गेलं : 'उपस्थित नागरिकांनी आराखड्याचे स्वागत केले.' ते खोटं नव्हतं. थ्रीडी चित्राला कुणी नावं ठेवत नाही, कारण त्यात आपण कुठे उभे आहोत हे कुणाला कळतच नाही. सहभागाच्या कामात पहिल्या टप्प्याला हे चित्र दाखवूच नये असं माझं मत आहे.

पाराखाली

पुढचं बोलणं पारावर झालं, दुपारी बाराच्या सुमारास, पाट्या निम्म्या रिकाम्या झाल्यावर. मुलं नकाशा न घेता गेली, नुसती टेप घेऊन. एका मुलाने मोठ्या अदबीने विचारलं, "आक्का, इथे बाकं केली तर चालतील ना बसायला?"

"बाकड्यावर बसून काय करू, बाळा? मी वर, पाटी खाली, गिऱ्हाईक हुबं. वाकायचं कुनी?"

मग तिने स्वतःच हाताने दाखवलं. ती बसते पोत्यावर, पाटी तिच्या गुडघ्यापुढे, गिऱ्हाईक समोर उकिडवं बसून वांगी निवडतं. दोघांची नजर एका पातळीला. पाठीमागे गाठोडं आणि पाण्याची बाटली. टेप लावली तर एका बाईला चार बाय चार फूट जागा लागते, आणि समोर गिऱ्हाइकाला वेगळी. हवा तो ओटा, आणि तोही बसक्या उंचीचा, की पावसाचं पाणी पाटीखालून वाहून जावं पण गिऱ्हाईक आणि विकणारी सारख्याच उंचीवर राहावीत.

दुसरी गोष्ट उन्हाची. आराखड्यात विक्रेत्यांसाठी पश्चिमेची बाजू दाखवली होती, रिक्षा थांब्याजवळ. कागदावर ती मोकळी दिसते. पण सकाळचं ऊन पश्चिमेच्या बाजूवरच पडतं, आणि मेथी मलूल झाली की तिला कुणी हात लावत नाही. म्हणून या बायका पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेच्या दुकानांपुढे, इमारतींच्या सावलीत बसत आल्या. दुकानं दहाच्या सुमारास उघडतात. शटर वर जायला लागलं की पाट्या उचलून त्या पाराकडे सरकतात, तोवर पिंपळाची सावली तिथे आलेली असते. दुकानदार आणि भाजीवाल्या यांच्यात हा वेळेचा वाटा कुणी लिहून दिलेला नाही. कुरबुर रोजची, पण मोडलेला कधी नाही. कापडवाले मालक बैठकीत भाजीवाल्यांना हटवा म्हणत होते, आणि त्यांच्याच घरची भाजी रोज सकाळी त्याच पाट्यांतून वर जात होती.

पहिल्या आराखड्याने नेमक्या त्या सावलीच्या पट्टीत कुंड्या आणि बाकं ठेवली होती. सरकवता येणारी एकही वस्तू नाही, सगळं काँक्रीटमध्ये रोवलेलं.

तिसरी गोष्ट पुरुषांपुढे निघालीच नाही. गटातली एक मुलगी नंतर एकटीच दोघी-तिघींजवळ बसून भाजी निवडू लागली तेव्हा निघाली. "सकाळपास्नं पानी पीत न्हाई आमी. प्यालं तर जायचं कुटं?" उजाडल्यापासून दुपारपर्यंत, उन्हाळ्यातसुद्धा. चौकात पुरुषांसाठी आडोसा असतोच, भिंतच असते. सभागृहातल्या बैठकीत स्वच्छतागृह हा शब्द एकदाही आला नव्हता.

लेव्हल

खरं भांडण लेव्हलवरून झालं. दुकानदारांची मागणी होती की चौक फूटभर उचला. पाऊस झाला की शटरपुढे तळं साचतं, गिऱ्हाईक येत नाही, आणि पुराचं निमित्त होतंच. बोळांतले लोक म्हणाले, उचलून बघाच. तुमचं पाणी आमच्या माजघरात येणार.

दोन्ही बाजू पुराचं नाव घेत होत्या आणि इथेच गफलत होती. नदीचं पाणी जेव्हा चढतं तेव्हा ते आधी नाल्यांतून आणि गटारींतून उलटं मागे येतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या सखल भागांना ते दरवेळी पहिल्यांदा गाठतं. चौक पाण्याखाली जातो तेव्हा तो पुरुष-दीड पुरुष खाली जातो. ५७ फुटांच्या पुरापुढे एक फूट भराव म्हणजे काहीच नाही. पण जूनच्या साध्या वळिवाला त्याच एका फुटाने बोळातली वीस घरं भिजतात. म्हणजे लेव्हलचा प्रश्न पुराचा नव्हताच, पावसाचा होता. हे दोन प्रश्न वेगळे काढले तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकलं.

काढले कुणी, तर एका गवंड्याने. बोळातलाच राहणारा. मुलांनी आणलेल्या यंत्रातले आकडे कुणाला पटेनात. एक म्हणे यंत्र वाकडं लावलंय, दुसरा म्हणे मुलं कापडवाल्यांनी फोडली. गवंड्याने घरून पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, बुडबुडे काढले. एक टोक किराणा दुकानाच्या पायरीपाशी दुकानदाराच्या मुलाच्या हातात, दुसरं बोळातल्या उंबऱ्यापाशी म्हाताऱ्या काकूंच्या हातात. पाणी थांबलं तसं दोन्हीकडे पेन्सिलीने रेघ मारली. उंबरा पायरीपेक्षा वीतभर खाली होता, आणि सध्याच्या रस्त्यापेक्षाही खालीच.

काकू म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा उंबऱ्याला बाहेरून दोन पायऱ्या होत्या."

त्या दोन पायऱ्या डांबराखाली आहेत. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर, असं करत रस्ता वर आला आणि घरं खाली गेली. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावठाणात दिसेल. इथे दोन पेन्सिलीच्या रेघांनी ती दुकानदारांनाही दिसली. शटरपुढच्या तळ्याचं कारणही त्याच नळीने दाखवलं. पाणी जाण्यासाठी केलेल्या चेंबरचं तोंड आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा उंच बसवलं गेलं होतं. पाणी चेंबरकडे चढून जात नाही, एवढंच.

यावरून तोडगा निघाला. भराव नाही. उलट जुने थर खरवडून काढायचे, रस्ता बोळाच्या उंबऱ्याच्या खाली आणायचा, चेंबरची तोंडं त्याहून खाली, आणि पन्नासाला एक असा उतार मुख्य गटारीकडे. चौकाचं पाणी बोळात जाऊ नये म्हणून बोळांच्या तोंडाशी जाळीचा आडवा चर. दुकानदारांना उंची मिळाली नाही पण तळं जाणार होतं, आणि त्यांना खरं तेच हवं होतं. हे ठरायला मोठी सभा लागली नाही. रस्त्यावर नळी धरून उभी असलेली दहा-बारा माणसं पुरली.

लेव्हल खाली आल्याचा आणखी एक फायदा झाला. पदपथाची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका सांगते. तेवढ्या कडेला बाराला एक उताराचा रॅम्प करायचा तर १.८ मीटर लांबी लागते, म्हणजे अरुंद चौकात सगळा पदपथ रॅम्पच होतो. कडच काढून टाकली आणि सगळं एका सपाटीत ठेवलं तर हातगाडी, व्हीलचेअर आणि हमालाची ढकलगाडी यांचा प्रश्न एकदम मिटतो. हमालांनी हे बैठकीत सांगितलं नव्हतं. दुपारी कुणी विचारायला गेलं तेव्हा एकाने तळहाताचे घट्टे दाखवले : "प्रत्येक कडंला मागनं ढकलताना हितं बसतंय."

फक्की

नवा आराखडा कागदावर दाखवायचा नाही असं ठरलं. रविवारी पहाटे चौकात फक्कीने आखणी केली, कबड्डीचं मैदान आखतात तशी. ओट्याची जागा, रिक्षांची रांग, टेम्पोचं वळण, पाराभोवतीची मोकळी माती. कुंड्यांच्या जागी वाळूची पोती, दिव्याच्या खांबाच्या जागी बांबू. आठ वाजता पेठेतला नेहमीचा टेम्पो आला आणि वळताना दोन पोती उडवून गेला. ड्रायव्हर खाली उतरला, पोती कुणाची म्हणून शिव्या द्यायच्या बेतात होता, आणि मग स्वतःच पायाने फक्की पुसून नवी रेघ मारून दाखवली : "हितनं घ्या. मागं माल असला की एवढं लागतंय." त्या एका रेघेने कुंड्यांची अख्खी रांग आराखड्यातून गेली.

रिक्षावाल्यांचं फारसं काही नव्हतं, एक रिक्षा कमी धरली होती ती वाढवून दिली. शाळेतून येणाऱ्या मुलींनी मात्र हायमास्टबद्दल कुणाच्या लक्षात न आलेलं सांगितलं. उंचावरचा दिवा पिंपळाच्या वरून उजेड टाकतो आणि पाराजवळ काळोखच राहतो, आणि शिकवणीवरून येताना त्यांना नेमकं पाराजवळून जावं लागतं. दिवा हवा तो फांद्यांच्या खाली, भिंतींवर.

मंडळाच्या पोरांना कारंजं आधीपासूनच नको होतं, मंडप कुठे घालणार? पण त्यांच्यावर आरोप होता की दर वर्षी खांबांसाठी नवी फरशी खणतात. तोड त्यांनीच सुचवली : खांबांच्या ठरलेल्या जागी फरशीत लोखंडी नळकांडी कायमची पुरायची, वरून स्क्रूचं झाकण. गणपतीत झाकण काढायचं, खांब उभा करायचा.

इतिवृत्तातून अंदाजपत्रकात

आता मूळ मुद्दा. एवढं सगळं बोलून झालं, इतिवृत्त लिहून झालं. तिथून अंदाजपत्रकात जाताना बहुतेक गोष्टी गळतात, आणि त्यामागे कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवर चालतं. दरसूचीत जी बाब आहे तिला दर आहे, दर आहे म्हणून रक्कम आहे. 'भाजीवालीला सावलीत बसता यावं' ही बाब दरसूचीत नाही. 'ग्रॅनाइटचे बाक, नग' आहे. तांत्रिक मान्यता देणाऱ्या टेबलावर बसलेल्या माणसाने चौकातली पेन्सिलीची रेघ पाहिलेली नसते, त्याच्यापुढे बाबींची यादी असते.

म्हणून मुलांनी आणि अभियंत्याने बसून प्रत्येक बोलणं बाबींत फोडलं. ओटा म्हणजे खोदाई, पायाचं काँक्रीट, दगडी बांधकाम, वर शहाबादी फरशी. थर खरवडणं ही दरसूचीतली स्वतंत्र बाब आहे. फक्त ती कुणी घालत नाही, कारण ते काम दिसत नाही आणि नारळ फोडायला उपयोगाचं नाही. नळकांडी नगावर. भिंतीवरचे दिवे नगावर, आणि त्यांची वायरिंग २०१९ च्या खुणेच्या वरून. महावितरणच्या डीपी बॉक्सची (वीजवाटपाच्या पेटीची) उंची वाढवायची बोळवाल्यांची मागणी रास्त होती, पण ते खातं वेगळं, म्हणून अंदाजपत्रकात नुसता उंच चौथरा धरला आणि बाकीच्यासाठी पत्रव्यवहार सुरू केला. फरशी निवडताना गुळगुळीत टाइल काढून टाकली, कारण पूर ओसरल्यावर राहणारा गाळ टाइलवर साबणासारखा होतो. पेव्हर ब्लॉकही मर्यादित जागीच. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि ब्लॉक वर-खाली होतात.

सगळ्यात अवघड होती ती पूर्वेची सावलीची पट्टी. तिथे काहीच बांधायचं नव्हतं. सकाळी भाजी, दहानंतर दुकानाचं गिऱ्हाईक, संध्याकाळी मोकळी. अंदाजपत्रकात वेळ हे माप नाही, आणि रिकामी जागा ही बाब नाही. जिथे बाब नाही तिथे पुढच्या वर्षी कुणीतरी कुंड्या आणून ठेवणार, निधी शिल्लक आहे म्हणून. अभियंत्याने युक्ती केली. पट्टीच्या कडेने वेगळ्या रंगाच्या दगडाची ओळ धरली, रनिंग मीटरमध्ये. आता त्या पट्टीला माप आलं, दर आला, मोजमाप पुस्तकात नोंद आली. नकाशावर टीप घातली की या ओळीच्या आत कोणतीही कायमस्वरूपी वस्तू बसवू नये आणि ही जागा सकाळच्या विक्रीची आहे. पुढे पथविक्रेता समितीपुढे नैसर्गिक बाजाराचा विषय निघाला तर हीच ओळ आणि हीच टीप पुरावा म्हणून दाखवता येईल. मला या प्रकरणातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, आणि ती ना बैठकीत सुचली ना आराखड्यात.

कापडवाल्यांनी नकाशावरच्या टिपेला हरकत घेतली. टीप राहिली, पण 'सकाळी दहापर्यंत' हे शब्द त्यांच्या आग्रहाने वाढले. भाजीवाल्यांच्या दृष्टीने यात नफा की तोटा, हे सांगणं कठीण आहे. पूर्वी वेळ सैल होती. सणाच्या दिवशी दुकानदार अकरापर्यंत गप्प बसायचे. लिहिलं की घट्ट होतं. ज्यांच्याकडे कागद नसतो त्यांना कागद मिळवून देताना ही किंमत द्यावी लागते, आणि ती कुणी द्यायची हे बहुधा कागद लिहिणारा ठरवतो. इथे तरी ते पारावर जाऊन बायकांना वाचून दाखवलं गेलं. त्यांच्यात मतं दोन पडली. ज्यांची पाटी लवकर संपते त्या खुश होत्या, डिग्रजकडून उशिरा पोचणाऱ्या नव्हत्या.

कारंजं गेलं. अक्षरंही गेली, पण त्यासाठी वरून एक फोन येऊन गेला आणि अक्षरं शेवटी रिक्षा थांब्यामागच्या भिंतीवर रंगवून देण्यावर मिटलं.

स्वच्छतागृह

हे मात्र झालं नाही. देवळामागची जागा पंचांनी नाकारली, बोळाच्या तोंडाशी बोळवाल्यांनी. रिक्षावाले त्यांच्या शेजारी करायला तयार झाले, अट एकच : साफ कोण करणार ते आधी लिहून द्या. ते लिहून द्यायला कुणी पुढे आलं नाही. पैसे घेऊन वापरायचं म्हटलं तर दिवसाला तीनदा पाच रुपये म्हणजे मेथीच्या एका जुडीचे पैसे गेले, आणि बायका पुन्हा पाणी पिणं सोडणार. शिवाय पुराच्या भागात मैल्याची टाकी चालत नाही. जोडणी गटार वाहिनीलाच द्यावी लागते आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप लागते. हे सगळं सुशोभीकरणाच्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबातल्या त्या नावाच्या खर्चात, बसत नाही, असं लेखा विभागाचं म्हणणं पडलं, आणि नियमाने ते बरोबर होतं.

तरीही अंदाजपत्रकात एक बाब घालता आली. रिक्षा थांब्याच्या कडेपर्यंत फरशीखालून पाण्याची आणि मलवाहिनीची जोडणी आधीच टाकून ठेवायची, तोंडं बंद करून, म्हणजे पुढे नवा चौक फोडावा लागणार नाही. 'भविष्यातील सुविधेसाठी' एवढंच त्या बाबीपुढे लिहिलं आहे. कोणती सुविधा ते लिहिलं असतं तर ती बाब वगळली गेली असती. त्या सुविधेला स्वतःचं लेखाशीर्ष हवं असेल तर पुढच्या वर्षीच्या महापालिका अंदाजपत्रकाच्या तयारीआधी, म्हणजे दिवाळी सरते ना सरते तोच, मागणी आत गेली पाहिजे. अर्ज बायकांजवळ बसून भाजी निवडणाऱ्या त्या मुलीनेच लिहून ठेवला आहे. सफाईच्या रकान्यात अजून कुणाचं नाव नाही, आणि रिक्षावाल्यांची सही त्या रकान्यावर अडलेली आहे.